हात गळ्यात असताना व्यायाम: काय चालतं, काय नाही आणि का

मृगाच्या चार सरी पडल्या की चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. मग पाखाडीवरून घसरून तळहात टेकणाऱ्यांचे दिवस सुरू होतात. पडताना माणूस आपोआप हात पुढे करतो, अंगाचं सगळं वजन तळव्यावर येतं आणि मनगटाशी हाड मोडतं. बाकीच्यांची कारणं वेगळी: नारळ सोलताना निसटलेला कोयता, विळीवर घसरलेला अंगठा, कबड्डीत पकड करताना अडकलेलं बोट, जाळं ओढताना दोरात सापडलेला पंजा.

कारण काहीही असो, घरी पाठवताना सल्ला एकच मिळतो: आराम करा. हा सल्ला हातासाठी असतो, पण पाळतो अख्खा माणूस. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघतं तेव्हा हात बारीक झालेला असतोच, शिवाय खांदा धरलेला असतो, पोट पुढे आलेलं असतं आणि एक पाखाडी चढली की धाप लागते. यातलं हाताचं नुकसान थोडंफार अटळ आहे. बाकीचं निव्वळ बसून राहण्याचं आहे. आणि हाताचंही जेवढं अटळ वाटतं तेवढं नाही, कारण धडधाकट हाताला व्यायाम दिला तर दुखावलेल्या हाताची ताकद काही प्रमाणात टिकते. ऐकायला अंधश्रद्धा वाटावी अशी ही गोष्ट आहे, म्हणून तिच्याकडे पुढे सावकाश येऊ.

"शीर तुटली" म्हणजे नेमकं काय तुटलं?

आपल्याकडे रक्तवाहिनीलाही शीर म्हणतात, मेंदूचे निरोप नेणाऱ्या मज्जातंतूलाही शीर आणि बोट वाकवणाऱ्या पांढऱ्या दोरीलाही शीरच. व्यायामाच्या दृष्टीने या तिन्हींचे नियम निराळे, म्हणून डॉक्टरांना नीट विचारून घ्या.

पांढऱ्या दोरीला कंडरा म्हणतात. बोटांत वाकवणारे स्नायू नसतातच. उजवी मूठ उघडझाप करताना डाव्या हाताने उजवं कोपराखाली धरून बघा, हालचाल तिथे लागते. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांसारखा हा मामला आहे: ओढणारा वर, नाचणारी बाहुली खाली, मध्ये दोऱ्या. बोटात या दोऱ्या अरुंद कड्यांमधून जातात. तुटलेली दोरी शिवली की तिथे गाठ येते आणि ती गाठ त्याच कड्यांतून सरकायची असते. अजिबात हलवली नाही तर गाठ कड्याला चिकटते, जोर लावला तर सुटते. म्हणून कंडरा शिवलेल्या माणसाने स्वतःच्या मनाने काहीही करायचं नसतं. फिजिओथेरपिस्ट दाखवेल तेवढीच हालचाल, तेवढ्याच वेळा. जड वजन साधारण बारा आठवड्यांनी. पहिल्या दोन आठवड्यांत शिवण सगळ्यात कच्ची असते.

कोयता किंवा विळी लागली आणि जखम छोटीच दिसली, तरी दोन गोष्टी लगेच तपासा. बोटाचं शेवटचं पेर वाकतं का? बोटाच्या दोन्ही कडांना स्पर्श कळतो का? एकाचंही उत्तर नाही आलं तर नुसते टाके घालून भागणार नाही. तुटलेली कंडरा दिवसागणिक मागे सरकत जाते, म्हणून कोल्हापूर, गोव्यातलं बांबोळी किंवा मुंबई, जिथे जायचं तिथे पहिल्या काही दिवसांतच गेलेलं बरं.

हाडाचं गणित त्यामानाने सरळ आहे. मनगटाच्या नेहमीच्या मोडीला चार ते सहा आठवडे, पंजाच्या आणि बोटाच्या हाडांना तीन ते चार. एक हाड मात्र खोडसाळ आहे. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी, मनगटाच्या बाजूला एक खळगी दिसते. पडल्यावर त्या खळगीत दाबून दुखत असेल तर आतलं नौकेच्या आकाराचं छोटं हाड मोडलेलं असू शकतं, आणि पहिल्या एक्स-रेत ते दिसत नाही असं बऱ्याचदा होतं. दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढावा लागतो. त्याचा रक्तपुरवठा उलट्या टोकाकडून येत असल्यामुळे जुळायला आठ-बारा आठवडेही लागतात. "मुका मार आहे, तेल लावून चोळा" या सल्ल्याने सगळ्यात जास्त वाटोळं याच हाडाचं होतं.

कबड्डी आणि क्रिकेटवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. चेंडू बोटाच्या टोकावर आपटून शेवटचं पेर खाली लोंबायला लागलं, तर ते पेर सरळ ठेवणारी पट्टी सहा ते आठ आठवडे अखंड लावायची असते. अखंड म्हणजे हात धुतानाही. एकदा पेर वाकलं की मोजणी पहिल्या दिवसापासून.

एका हाताचा व्यायाम दुसऱ्याला लागू होतो, तो कसा?

समुद्रावर ओल्या वाळूत पायाच्या अंगठ्याने स्वतःची सही करून बघा. वेडीवाकडी येईल, पण वळणं तुमचीच असतील. पायाने आयुष्यात कधी सही केलेली नसते. म्हणजे सहीचा आराखडा हातात नसून वर, मेंदूत असतो. कुठल्या अवयवाने काढायची हे नंतर ठरतं.

ताकदीचंही बरंचसं तसंच आहे. ताकद म्हणजे फक्त स्नायूची जाडी नव्हे. मेंदू किती तंतूंना, किती वेगाने, एकदम कामाला लावतो यावरही ती ठरते. प्लास्टर घातल्यावर पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत ताकद झपाट्याने उतरते, स्नायूची जाडी तेवढी उतरलेली नसते. आधी मोडते ती हुकूम देण्याची सवय.

वाडीतून सड्यावर जाणारी पायवाट डोळ्यांसमोर आणा. अर्ध्यावर तिला दोन फाटे आहेत, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवा फाटा दरडीने बंद झाला. पावसाळ्यात पंधरा दिवस कोणी फिरकलं नाही तर वाट गवताखाली जाते. पण डाव्या फाट्याने माणसं जात राहिली तर निदान फाट्यापर्यंतची सामाईक वाट मोकळी राहते. दरड उपसल्यावर फक्त उजव्या फाट्याचंच गवत काढावं लागतं. मेंदूतून दोन्ही हातांकडे जाणाऱ्या वाटांचा सुरुवातीचा भाग असाच काहीसा सामाईक असावा असं मानतात, आणि मेंदूचे दोन्ही अर्धे एकमेकांशी बोलतही असतात.

हे नवीन नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १८९४ साली स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच हाताला सराव दिला आणि दुसऱ्याचीही पकड वाढलेली पाहिली. त्यानंतर झालेल्या चाचण्यांचा सारांश काढला तर सराव न केलेल्या बाजूची वाढ दहा टक्क्यांच्या आगेमागे येते. आकडा लहान वाटेल, पण प्लास्टरमध्ये प्रश्न वाढीचा नसून गळती थांबवण्याचा असतो. कॅनडातली २०१३ ची एक चाचणी तर आपल्याच प्रश्नावर होती. मनगट मोडलेल्या पन्नाशीपुढच्या बायकांपैकी एका गटाने धडधाकट हाताचा पकडीचा व्यायाम केला. बाराव्या आठवड्याला मोडलेल्या हाताची पकड त्यांची सुमारे १७ किलो भरली, दुसऱ्या गटाची १२. सव्वीस आठवड्यांनी मात्र दोन गटांतला फरक ठामपणे सांगण्याजोगा उरला नाही. म्हणजे यात जादू नाही, पण कळशी उचलायला थोडं आधी जमणं ही घरकाम करणाऱ्या बाईसाठी लहान गोष्ट नव्हे.

मग करायचं काय, किती?

तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घ्या. पाण्याने भरला की पाच किलो, कोरड्या वाळूने भरला की साडेसात-आठ. शेजारी दोन लिटरची बाटली आणि एक टेनिसचा चेंडू, बस्स.

धडधाकट हाताने आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. बसून हात मांडीवर टेकवा, पंजा गुडघ्याच्या पुढे येऊ द्या आणि बाटली धरून मनगट वर-खाली करा, आधी तळवा आभाळाकडे, मग जमिनीकडे. त्यानंतर कॅन धरून कोपरातून वाकवणं. मग कमरेतून थोडं वाकून कॅन जमिनीकडून बरगडीपर्यंत ओढणं, यात दुखावलेल्या हाताचा टेकू घ्यायचा नाही, पाय पुढेमागे ठेवून तोल सांभाळायचा. शेवटी चेंडू पाच सेकंद कचकचून दाबणं. प्रत्येक प्रकार आठ वेळा, अशा चार फेऱ्या, दोन फेऱ्यांत दोन मिनिटं विसावा.

दोन गोष्टी चुकतात. पहिली, वजन फार हलकं. आठव्यांदा उचलल्यावर "आता फार तर आणखी एक-दोन" असं वाटायला हवं. हलकी बाटली शंभर वेळा हलवून घाम येतो, पण पलीकडच्या हाताला फारसं काही पोचत नाही. दुसरी, उचलून धपकन सोडणं. खाली आणताना मनात चार आकडे मोजा. वजन आवरत खाली आणण्याचा भाग या कामी जास्त उपयोगी दिसलाय.

पण एका हाताने जोर लावला की दुसरीही मूठ आवळते, त्याचं काय?

शंका रास्त आहे. घट्ट बसलेलं बरणीचं झाकण फिरवताना दातही आवळले जातात. जोर लावला की तो शेजारीपाजारी सांडतो. प्लास्टरमध्ये नीट बसवलेल्या हाडाला एवढ्याने सहसा काही होत नाही. शिवलेल्या कंडरेला मात्र होऊ शकतं, म्हणून कंडरा शिवली असेल तर वरचा जोराचा व्यायाम डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय सुरू करू नका. हाडात तारा घातल्या असतील तरी आधी विचारा. इतरांनीही दुखावलेला हात उशीवर सैल ठेवून व्यायाम करावा आणि अधूनमधून बोटांकडे बघावं, आवळली असतील तर सोडावीत.

जखमेत पू झाला असेल, ताप असेल, लाल रेघ मनगटाकडून वर चढत असेल, तर व्यायाम पूर्ण बंद. शिंगाळा माशाचा काटा किंवा कालवाची धार लागलेल्या जखमा समुद्रातले जंतू आत नेतात आणि एका रात्रीत रंग बदलतात. त्यांच्यासाठी तासाभरातला दवाखाना, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का तेही बघा.

प्लास्टरच्या बाहेर उरलेला हात

मनगटाचं प्लास्टर तळहाताच्या आडव्या रेषेच्या अलीकडे संपायला हवं, म्हणजे बोटं मुळापासून वाकतात. मोड हाडाचीच असेल आणि डॉक्टरांनी बोटं हलवायला सांगितली असतील, तर जागेपणी तासातून एकदा हा क्रम दहा वेळा: बोटं ताठ, मग फक्त मुळातून वाकवून पंजाचं छप्पर, मग फक्त वरची दोन पेरं वाकवून आकडा, मग पूर्ण मूठ. शेवटी बोटं फाकवायची आणि अंगठा एकेका बोटाला टेकवायचा. मिनिटभराचं काम आहे. या हालचालीने सूज पंपासारखी वर ढकलली जाते आणि सांधे धरत नाहीत.

खांदा लोक विसरतात. हात चोवीस तास झोळीत राहिला की पन्नाशीपुढच्या माणसाचा, त्यातही मधुमेह असलेल्याचा, खांदा आखडून बसतो. मग मनगट दीड महिन्यात बरं होतं आणि खांदा वर्षभर रडवतो. पहिले काही दिवस सरले की घरात असताना झोळी काढून ठेवायची परवानगी मागा. दिवसातून चार-पाच वेळा हात डोक्यावर नेऊन खाली आणा, कोपर पूर्ण सरळ करा. बसताना पंजा काळजाच्या वर राहील अशी उशी घ्या.

सूज डोळ्याने मोजू नका. मधल्या बोटाभोवती दोरा गुंडाळून खूण करा, सकाळी आणि संध्याकाळी. दोरा दिवसेंदिवस अपुरा पडायला लागला तर आदल्या दिवशी काहीतरी जास्त झालं. बोटं पांढरी, निळी किंवा गार पडली, मुंग्या थांबेनात, किंवा गोळी घेऊनही बोटं सरळ करताना जीव जातोय, तर प्लास्टर घट्ट होतंय. रात्र असली तरी निघा. नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. बांबूच्या कामट्या लावून आवळून बांधलेल्या पट्टीत हाच धोका कितीतरी जास्त. पंजा कायमचा आखडण्यापर्यंत वेळ येते.

पाय आणि दम

यात हाताचा अडसर जवळजवळ नाहीच. खुर्चीवरून हात न लावता उठणं-बसणं पंधरा वेळा, पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा उचलणं वीस वेळा, पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं पंधरा वेळा, भिंतीला पाठ लावून अधांतरी बसणं अर्धा मिनिट. तीन फेऱ्या. सोपं वाटायला लागलं की पाठीवरच्या सॅकमध्ये पाच किलो तांदूळ. सॅक दोन्ही खांद्यांवर, चढवायला दुसरं कोणीतरी. धडधाकट हातात पाण्याची कळशी धरून अंगणात न कलंडता चालणं हा कमरेच्या बाजूंसाठी उत्तम व्यायाम आहे. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो, वर कळशीचं वजन वेगळं.

दमासाठी आठवड्याला दीडशे मिनिटं झपझप चालणं. वेग असा की बोलता यावं, पण आरती म्हणता येऊ नये. पाखाडी चढणं यापेक्षाही भारी, पण पावसाळ्यात नाही. एक हात बांधलेला असताना तोल अर्धा झालेला असतो आणि पडलात तर सावरायला तोच हात पुढे येतो. खरा धोका व्यायामाचा नसून दुसऱ्यांदा पडण्याचा आहे. पळणं आणि उड्याही पहिले काही आठवडे नकोत.

समुद्रकाठच्यांना सुकतीची ओली, कडक वाळू सगळ्यात सोयीची. वेळेसाठी कोळ्यांचा हिशेब वापरा: तिथीचा पाऊणपट केला की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे नऊच्या सुमाराला सुकती. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती बाराला, म्हणून सकाळी सहाला किनारा रुंद आणि कडक मिळतो. अष्टमीला त्याच वेळी भरती असते, तेव्हा गावातला सपाट रस्ता बरा. पावसाळ्यात लाटेच्या जवळपासही जायचं नाही.

घामाने प्लास्टर खराब होत नाही का?

होतं, आणि दमट हवेत लवकर होतं. पांढरं प्लास्टर पाण्याने मऊ पडतं. फायबरचं कवच टिकतं, पण आतला कापूस भिजतोच आणि मग कातडी कुजल्यासारखी होते. म्हणून पहाटे, ओटीवर, पंख्याखाली व्यायाम करा. घाम गळायला लागला की दहा मिनिटं थांबा. खाज सुटली तर आत विणकामाची सुई किंवा हीर घालू नका. आतला ओरखडा दिसत नाही आणि चिघळतो. केस वाळवायचं यंत्र गार हवेवर लावून फुंकर द्या. आंघोळीला एकावर एक दोन पिशव्या, आणि तरी हात बाहेरच. ताजे टाके असतील तर पहिले दोन-तीन दिवस घाम येईल असं काही नकोच.

एकच हात वापरून अंग वाकडं होईल ही भीती मात्र सोडा. सहा आठवड्यांत तसं होत नाही, आणि पूर्वी कमावलेली ताकद नव्यापेक्षा लवकर परत येते.

श्रावण, बांगडा आणि मिश्री

बसून आहे म्हणून जेवण कमी, हे उलटं आहे. हाड आणि कातडी दोन्ही प्रथिनांवर बांधली जातात. किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम धरा, साठ किलोच्या माणसाला रोज ७२ ते ९६. शंभर ग्रॅम बांगड्याच्या मांसात साधारण वीस, एका अंड्यात सहा. प्लास्टर आणि श्रावण एकत्र आले तर मूग, मसूर, काळे वाटाणे, कुळीथ आणि दही यांवर भर हवा. शंभर ग्रॅम कोरड्या कुळथात बावीसच्या आसपास ग्रॅम असतात, पण पातळ पिठीच्या एका वाटीत कुळथाचं पीठ असतं किती? दोन चमचे. एवढ्याने भागत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे आकडे डॉक्टरांना विचारून. जखमेला आंबट चालत नाही हा समज सोडून द्या, आवळा, पेरू आणि लिंबातलं क जीवनसत्त्व जखम भरायलाच लागतं. विडी, तंबाखू, मिश्री यांनी मात्र हाड जुळायला खरोखर उशीर होतो. मिश्रीला कोणी तंबाखू मानत नाही, पण ती तंबाखूच आहे.

प्लास्टर निघाल्यावर

निघालेला हात बारीक, कोरडा आणि ताठ दिसतो. त्याला घाबरून लोक एकतर तसाच जपतात किंवा त्याच संध्याकाळी पाण्याची बादली उचलतात. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्या. व्यायामात तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते उतरायला हवं. उतरलं नाही तर आदल्या दिवसाचं निम्मं.

पहिल्या आठवड्यात कोमट पाण्यात दहा मिनिटं हात बुडवून बोटांचा तोच क्रम आणि मनगट चारी दिशांना. मग पाण्यातच स्पंज दाबणं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मोदकाची उकड, लिंबाएवढी, कोमट झाल्यावर. दवाखान्यात पिळायला देतात त्या रबरी लगद्याचं काम ती चोख करते: मुठीत दाबा, चिमटीने पारी काढा, तळव्याखाली लांबवा. उकड सहज जमली की ओला पंचा पिळणं, त्यानंतर सोलकढीसाठी खोबरं पिळणं. खोवणं त्याच्याही नंतर, कारण तिथे जोर आणि धार एकत्र येतात.

जोर-बैठका आणि सूर्यनमस्कारांसाठी वजनकाटा वापरा. काटा टेबलावर ठेवून तळव्याने हळूहळू दाबा आणि दुखायला लागण्याआधीचा आकडा लिहून ठेवा. जमिनीवरच्या जोरात अंगाचं साधारण दोन-तृतीयांश वजन हातांवर येतं, म्हणजे साठ किलोच्या माणसाच्या एकेका तळव्यावर वीस किलो. काट्यावर पाच-सहा किलो सुखाने जमले की भिंतीवरचे जोर, दहा-बारा जमले की कट्ट्यावरचे, वीस जमले की जमिनीवरचे. सूर्यनमस्कारात तोवर हात टेकायच्या स्थिती गाळून फक्त उभ्याच्या करा.

मोटारसायकलला ब्रेक किंवा क्लच कचकन दाबून बघा, गाडी उभी असताना, वीस वेळा. विसाव्यांदाही पहिल्यासारखा दाबला गेला तरच रस्त्यावर. विहिरीचा राहाट आणि कोयता सगळ्यात शेवटी, कारण तिथे पकड अचानक सुटली तर नुसतं दुखून भागत नाही. कोयता हातात घेणार त्या दिवशी आधी शहाळं नको, केळीची सुकलेली पानं तोडून बघा.